झाडी, तलाव आणि मालगुजार : झाडीपट्टीच्या पारंपरिक संस्कृतीच्या घडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रदेशाची संस्कृती ही त्या प्रदेशाच्या भूगोलाची निर्मिती असते, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच सहसा वाटेनाशी झाली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांत मुख्यतः पसरलेल्या झाडीपट्टीविषयीच्या लेखनात तर हे विधान गृहीतकाच्या रूपानेच वावरताना दिसते. येथे झाडी आहे, म्हणून झाडीबोली आहे. दळणवळण नव्हते, म्हणून दंडार टिकली. निसर्ग उदार होता, म्हणून माणूस उत्सवप्रिय झाला, अशी ही विचारसरणी आहे. प्रदेशाचे नावच वनावरून पडलेले असल्यामुळे तिला नावाचाही आधार मिळतो.

या विचारसरणीत एक मूलभूत उणीव आहे. झाडीपट्टीच्या पारंपरिक संस्कृतीचा केंद्रबिंदू झाड हा नसून तलाव हा आहे, आणि तलाव ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. तो कोणीतरी बांधविला, कोणीतरी बांधला, कोणाच्या तरी मालकीचा झाला आणि कोणाच्या तरी शेताला त्याचे पाणी आधी मिळाले. ‘बांधविला’ आणि ‘बांधला’ या दोन क्रियापदांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय या संस्कृतीची समीक्षा पूर्ण होऊ शकत नाही. झाडीपट्टीच्या अभ्यासात बोलीचे, लोकनाट्याचे आणि सणांचे संकलन मोठ्या निष्ठेने झाले आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांसाठी केलेले कार्य तर या क्षेत्रातील प्रत्येकाला ऋणात ठेवणारे आहे. परंतु संकलन झालेल्या सामग्रीमागील सत्तासंबंधांची चिकित्सा त्या प्रमाणात झालेली नाही.

भूगोलाचा वाटा

भूगोलाचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. नागपूरच्या आसपास खडकाची जात बदलते. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण आणि त्यावरील कापसाची काळी जमीन, तर पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात प्राचीन स्फटिकमय व रूपांतरित खडक, लहानमोठ्या टेकड्या आणि त्यांच्यामधील उथळ खोलगट भाग. पावसाचे मान वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर असले तरी त्यातील बहुतेक पाऊस पावसाळ्याच्या चार महिन्यांत, तोही लहरीने पडतो. धानाला मात्र रोवणीपासून दाणा भरेपर्यंत बांधीत पाणी उभे लागते. आश्विनात एक पाऊस चुकला तर हाताशी आलेले पीक जाते. अशा भूमीत टेकड्यांमधील ओघळीवर मातीची पाळ घालून पाणी अडविणे आणि ते तुडुमातून हवे तेव्हा खाली सोडणे ही धानशेतीची पूर्वअटच ठरते. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत, अशी साखळी अनेक गावांना जोडीत जाते. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत.

याच्या तुलनेसाठी कोकणाचे उदाहरण घेता येईल. तेथेही भातशेती आहे. परंतु पाऊस दुपटीहून अधिक असल्यामुळे पावसाळी भातासाठी गावोगाव तलाव बांधण्याची निकड नव्हती. तेथील दशावतार देवळाच्या प्रांगणात, ग्रामदेवतेच्या जत्रेत उभा राहतो. झाडीपट्टीचे नाटक मात्र कापणी झालेल्या मोकळ्या बांधीत होते. दोन्ही ठिकाणी भात पिकते, पण रंगभूमीची जागा वेगळी आहे. भूगोल येथपर्यंत आणून सोडतो, पुढचे स्पष्टीकरण त्याच्याजवळ नाही.

झाडी म्हणजे जगापासून तुटलेला मुलूख, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मौर्य-सातवाहन काळातील बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. मराठीतील आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’ची रचना वैनगंगेकाठच्या अंभोऱ्यात झाली, असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे, अंबेजोगाईचा पक्षही तितकाच जुना आहे. तो वाद येथे बाजूला ठेवला तरी, वैनगंगेचे खोरे व्यापार, धर्म आणि राज्यसत्ता यांच्या वाटेवर होते, एवढे पवनीच्या विटाच सांगतात.

जपानचा दाखला

भूगोलावरून संस्कृतीचे स्पष्टीकरण करण्याचा आधुनिक काळातील एक गाजलेला प्रयत्न जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो यांनी १९३५ च्या ‘फूदो’ या ग्रंथात केला. मान्सून, वाळवंट आणि कुरण असे हवामानाचे तीन प्रकार कल्पून त्यांनी त्यांवरून मानवी स्वभावाचे प्रकार मांडले. भारत आणि जपान या दोहोंना त्यांनी मान्सूनच्या वर्गात घातले आणि मान्सूनच्या माणसाला ग्रहणशील व सोशीक ठरविले. ग्रंथ विलक्षण वाचनीय आहे. त्यावरील मुख्य आक्षेपही तितकाच विचारार्ह आहे : जो सोशिकपणा वात्सुजी हवेत शोधतात, तो धान्याच्या वसुलीत का शोधू नये?

कारण जपानची परंपरागत संस्कृती केवळ डोंगर, समुद्र आणि भात यांनी घडलेली नाही. शिकोकू बेटावरील मान्नो तलाव इ.स. ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध आचार्याच्या देखरेखीखाली दुरुस्त झाला, ही कथा तेथे आजही सांगितली जाते. पाळ वाहणाऱ्या हजारो हातांची कथा सांगितली जात नाही. १६०३ ते १८६८ या तोकुगावा काळात सरंजामदाराची प्रतिष्ठा ‘कोकू’ या तांदळाच्या मापात मोजली जाई आणि सामुराईचे वेतनही त्याच मापात ठरे. नो नाट्याला चौदाव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमित्सूचा आश्रय मिळाला आणि पुढे ते शोगुनशाहीचे समारंभनाट्य बनले. काबुकी मात्र शहरातील व्यापारी व कारागीर यांच्या पैशावर वाढले. १८६८ नंतर सरंजामी व्यवस्था मोडली तेव्हा नो निराधार झाले, काबुकीला तिकीट काढणारा प्रेक्षक होता. हवामान दोघांचे एकच होते. फरक आश्रयाचा होता. झाडीपट्टीतील खंडी, कुडव आणि पायली यांच्या हिशेबाकडे व दंडार आणि नाटक यांच्या भिन्न नशिबाकडे पाहताना हा दाखला उपयोगी पडतो.

दोन प्रकारची सत्ता

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ च्या भारतीय इतिहासावरील ग्रंथात सरंजामशाहीचे दोन प्रवाह दाखविले : राजाने अधिकार वाटल्यामुळे वरून उतरणारी, आणि गावातच जमीनदार वर्ग तयार झाल्यामुळे खालून उगवणारी. भारतातील व्यवस्थेला युरोपीय अर्थाने सरंजामशाही म्हणावे की नाही, याविषयी इतिहासकारांत पुढे बराच वाद झाला. तथापि या दोन प्रवाहांचे निरीक्षण झाडीपट्टीला चपखल लागू पडते.

पहिला टप्पा गोंड राजवटीचा. चांद्याच्या गोंड राजाने, जो जंगल तोडून जमीन लागवडीस आणील त्याला ती जमीन आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे जाहीर केले, अशी परंपरा आहे. तलावासाठी मिळालेल्या अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. या धोरणाचा लाभ घेऊन वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांचे शास्त्र ज्यांनी विकसित केले ते कोहळी. आपले पूर्वज बनारसकडून आले, असे ही जमात सांगते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही तलावबांधणी हेच कोहळ्यांचे वैशिष्ट्य म्हणून नोंदले आहे. येथे सत्ता आणि कौशल्य एकाच ठिकाणी होते. पाटील हा तलावाचा जाणकार होता. पाळ कोठे घालावी, सांडवा किती उंच ठेवावा हे त्याला कळत असे.

दुसरा टप्पा कायद्याने आला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात पाटील हा मुख्यतः वसुलीचा धनी होता. १८५४ मध्ये हे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६० च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रज सरकारने सारा गोळा करणाऱ्यालाच गावाचा मालक ठरविले. तोच मालगुजार. गावाबरोबर तलाव, पडीत जमीन, गावजंगल हे सारे त्याच्या मालकीत गेले. गावकऱ्यांचे लाकूड, चारा, पाणी यांवरील वहिवाटीचे हक्क ‘निस्तार’ या नावाने शिल्लक राहिले आणि गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिल्या गेल्या. मालगुजाराची घरची शेती ‘सीर’ व ‘खुदकास्त’ म्हणून स्वतंत्र नोंदली गेली. मालगुजारांत कोहळी होते, कुणबी होते, पोवार होते, ब्राह्मण होते आणि गावे विकत वा कर्जापोटी घेणारे सावकारही होते. कौशल्याशिवाय मालकी शक्य झाली, हा या बदलाचा गाभा होय. आज ज्याला सरसकट ‘मालगुजारी तलाव’ म्हटले जाते, त्यांतील कितीतरी तलाव मालगुजारीहून जुने आहेत. नाव मात्र शेवटच्या मालकाचे राहिले.

कोलू पाटील आणि सात बहिणी

नवेगाव बांधाची दंतकथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला. पुढे तो ‘कोलासूर’ या नावाने देव झाला आणि तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचे ठाणे आले. सभोवतालची सात शिखरे म्हणजे ‘सात बहिणी’. बांध घालण्यास त्यांनी कोलूला साहाय्य केले. मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे हा परिसर मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. चितमपल्लींचे लेखन पक्ष्यांविषयी, पाण्याविषयी आणि रानातील माणसांच्या ज्ञानाविषयी जे देते ते दुसऱ्या कोणी दिलेले नाही. परंतु त्यांच्यानंतर आलेल्या अनेक अनुकरणशील लेखकांनी बांधाला अरण्याचा अलंकार करून टाकले, आणि बांध ही एक प्रचंड मातीकामाची वास्तू आहे याचा विसर पडला.

दंतकथेत बांधविणाऱ्याला नाव आहे. साहाय्य करणाऱ्या स्त्रिया आहेत, संख्येने सात आहेत, त्यांना देवत्वही आहे, नाव नाही. जलदेवता सात बहिणींच्या रूपाने महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात, त्यामुळे या कथेचा उगम केवळ श्रमात शोधणे धाडसाचे होईल. तरीही टोपलीने माती वाहण्याच्या कामात स्त्रियांचा जो वाटा असतो, तो लक्षात घेता लोकस्मृतीने आपल्या परीने एक नोंद जपून ठेवली, असे म्हणण्यास जागा आहे. बिगारीची नोंद वहीत होत नाही; ती डोंगराला नाव देऊन झाली.

तलावाभोवतीची कामेही जातीनिहाय विभागलेली होती. मासे आणि शिंगाडे ढिवरांचे, गुरे गोवाऱ्यांची, गावकीची पडेल ती कामे महारांची. पाण्यावर उपजीविका असणाऱ्याकडे पाण्याची मालकी नव्हती. या व्यवस्थेला परस्परावलंबन म्हणण्याची प्रथा आहे. तो शब्द अर्धाच खरा आहे, कारण अवलंबन दोन्ही बाजूंनी असले तरी तुडूम उघडण्याचा अधिकार एकाच बाजूला होता.

मंडई, दंडार आणि नाटक

झाडीपट्टीचे सांस्कृतिक वर्ष धानाच्या हंगामाने बांधलेले आहे. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन होते. गोवारी समाज ढालीचे पूजन करून नाचतो. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्ने ठरतात आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक होते. हलका धान घरी आलेला असतो, भारी धान बांधीत पिवळा पडलेला असतो. हातात थोडे धान्य आणि थोडी सवड असण्याचा हा काळ आहे. येथवर भूगोलाचे स्पष्टीकरण पुरते.

परंतु मंडई कोणाच्या गावात, कोणत्या दिवशी भरावी, दंडारीच्या चमूला शिधा कोणी द्यावा, कोणाच्या वाड्यासमोर पहिला नाच व्हावा, हे प्रश्न हंगामाचे नाहीत. ते मानाचे आहेत, आणि मान हा सत्तेचाच एक आविष्कार आहे. मालगुजाराच्या वाड्यासमोरील पटांगण हे गावाचे पहिले रंगपीठ होते. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची दंडारीतील रूढी, नमनाने होणारा आरंभ, विनोदी पात्राला मिळणारी मोकळीक ही सारी लक्षणे भारतातील अनेक लोकनाट्यांत आहेत. लक्षणीय आहे ती त्या मोकळिकीची मर्यादा. आश्रयदात्यासमोर त्याचीच थट्टा करता येते, ती त्याला हसू येईपर्यंत. जी थट्टा धन्याला परवडते तिला विद्रोह म्हणण्याची घाई समीक्षेने करू नये.

छत्तीसगडशी असलेले साम्य येथे विशेष बोलके आहे. तेथील ‘नाचा’मध्ये ज्या प्रहसनाला ‘गम्मत’ म्हणतात आणि ज्या जुन्या प्रकाराला, वादक उभे राहून वाजवितात म्हणून, ‘खडे साज’ म्हणतात, त्याचे झाडीपट्टीच्या खडी गंमतीशी असलेले नाते नावातच उघड होते. भाषा बदलते, धान, तलाव आणि मालगुजारी ही तीन सूत्रे सीमेच्या दोन्ही बाजूंना समान आहेत. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, डोळ्याचा ‘डोरा’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. यांतील प्रत्येक विशेषाला केवळ प्रादेशिक एकांतवासाचे फळ मानणे म्हणजे पूर्वेकडचे दार बंद आहे असे समजणे होय. ते दार कधीच बंद नव्हते.

१९५१ नंतर

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी हक्क नष्ट केले आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे, जंगले व तलाव शासनाकडे आले. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालकी बदलली, पण पाळीची दरवर्षीची दुरुस्ती, गाळ काढणे, सांडव्याची निगा ही कामे करवून घेणारा कोणी उरला नाही. पूर्वी ती धाकाने होत. धाक गेला आणि त्याच्या जागी सहकार्याची संस्था उभी राहिली नाही. अनेक तलाव गाळाने भरले, काहींच्या पोटात शेती झाली. शासकीय कागदपत्रांत ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचा संक्षेप ‘मामा तलाव’ असा रूढ झाला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे : ज्या मालकीतून गाव मुक्त झाले, तिचेच लाडके नातेवाचक नाव तलावाला चिकटले.

याच काळात सामाजिक चित्रही पालटत होते. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. १९५६ मध्ये शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. गावकीची कामे नाकारली गेली, आणि त्या कामांबरोबर जुळलेले सणांतील मान-अपमानही नाकारले गेले. परंपरेतून एक समाज बाहेर पडला याला लोककलेचा ऱ्हास म्हणणारे लेखन आजही आढळते. त्यात वाजविणाऱ्याला विचारले जात नाही, फक्त वाद्याची हळहळ असते. साठच्या दशकात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी उभी राहिली. धानाच्या खळ्यावर अवलंबून नसलेले, महिन्याच्या महिन्याला मिळणारे वेतन परिसरातील घरांत येऊ लागले.

नाटकाने हा बदल पचविला. देसाईगंज म्हणजे वडसा येथे नाटक कंपन्यांचे केंद्र तयार झाले. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी तिकिटाची नाटके सुरू झाली. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि २०२१ च्या अखेरीस ती उठली. त्या मधल्या वर्षांत शंकरपट थांबले; मंडईवर उभे असलेले नाटक थांबले नाही. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दंडारीला मात्र तिकिटाचा प्रेक्षक मिळाला नाही. ती महोत्सवांत आणि प्रबंधांत उरली. नो आणि काबुकी यांच्या वाट्याला जे आले त्याचीच ही दूरची प्रतिकृती आहे. फरक इतकाच की नो नाट्याला पुढे जपानी शासनाने आणि धनिकांनी सावरले, दंडारीला अद्याप तसा हात मिळालेला नाही. या नाटकांना भडक म्हणून नाके मुरडणाऱ्या नागरी समीक्षेने एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आश्रयदात्याच्या वाड्यासमोर जे बोलता येत नव्हते ते तिकीट काढलेल्या प्रेक्षकासमोर बोलता येते. तेथे पाटील आणि सावकार खलपुरुष होऊ शकतात.

तलाव पुनरुज्जीवनाचा विचार अलीकडे पुन्हा सुरू झाला आहे आणि त्याबरोबर मालगुजाराची एक उदार, जाणती प्रतिमाही परत येत आहे. ‘तेव्हा तलाव नीट होते’ हे वाक्य खरे आहे. ते कोणासाठी नीट होते, हे त्यात येत नाही. याउलट अर्जुनी मोरगाव परिसरात गेल्या दशकात ढिवर स्त्रियांनी तलावातील उपद्रवी बेशरम वनस्पती काढून माशांना उपयोगी अशा स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे काम केले. कोणती वनस्पती कोठे रुजते, कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते; बंदोबस्ताच्या कागदांत त्यासाठी रकाना नव्हता. झाडीबोलीच्या शब्दसंग्रहात तलावाच्या अवयवांची नावे आली आहेत. या स्त्रियांच्या तोंडची पाणवनस्पतींची आणि माशांची नावे त्यांच्या शेजारी नोंदविण्याचे काम त्यांच्याकडे बसूनच करावे लागेल.